लॉर्ड बेडन-पॉवेल व तंबूतील संसार

आमच्या शाळेच्या बालवीर पथकाची गेल्या दोन वर्षांत दोन शिबिरे झाली. पहिले तारकर्लीच्या पुढे, देवबागच्या वाटेवर, सुरूच्या बनात वाळूवर झाले. तंबू चारच होते; बाकीच्यांस नारळीच्या झापांचे छप्पर. खाली पेंढा व त्यावर घोंगडी. विहिरीचे पाणी कळशीने आणावयाचे व पेज आपली आपण शिजवावयाची. तिसऱ्या रात्री अवकाळी पाऊस आला, पेंढा भिजून गेला, व मुलांनी उरलेली रात्र एकमेकांस टेकून बसून काढली. घरी परतल्यावर दोघांस ताप आला. पालकांची पत्रे आली. त्यांतील काही सौम्य होती, काही नव्हती. म्हणून दुसरे शिबिर आम्ही एका पक्क्या इमारतीत घेतले. तेथे लोखंडी खाटा होत्या, डोक्यावर पंखे होते, नळास पाणी होते, व आचारी दोन वेळा गरम जेवण वाढीत असे. कोणी आजारी पडले नाही, आणि कोणाचे पत्रही आले नाही.

ह्या दोन शिबिरांची तुलना करावी, असा निबंध आम्ही नववीच्या वर्गास घातला. ज्यांच्या घरी गादी, पंखा व न्हाणीघरात ऊन पाणी आहे अशा बहुतेक मुलांनी वाळूवरच्या शिबिराचे गोडवे गाइले; भिजलेली ती रात्र तर त्यांच्या निबंधांत एखाद्या लढाईप्रमाणे रंगली होती. एका विद्यार्थ्याने मात्र चारच ओळी लिहिल्या. त्याचे वडील रापण ओढावयास जातात. त्याच्या म्हणण्याचा आशय असा होता की, वाळूवर आपण वाटेल तेव्हा निजतो व गळते छप्परही आपणांस नवे नाही. पंख्याखाली खाटेवर पाच रात्री निजावयास मिळाले, हेच आपणांस अधिक आवडले. ह्या चार ओळींस दहांपैकी किती गुण द्यावे ह्याचा विचार करीत आम्ही बराच वेळ बसलो होतो.

वाचकहो, उघड्यावरचे खडतर जिणे बरे की चार भिंतींतील सुख बरे, हा वाद आजचा नाही. बालवीर-शिबिराची कल्पना ज्यांच्या डोक्यातून निघाली, त्या लॉर्ड बेडन-पॉवेल ह्यांच्या आयुष्यात तो जन्मभर चालला होता. म्हणून ह्या वर्षी त्यांचे चरित्र आपणांपुढे ठेवीत आहो. ते थोर होते, निर्दोष नव्हते. दोन्ही गोष्टी सांगू.

रॉबर्ट स्टीफन्सन स्मिथ बेडन-पॉवेल ह्यांचा जन्म लंडन शहरी २२ फेब्रुवारी १८५७ रोजी झाला. रेल्वेच्या प्रसिद्ध इंजिनियरांपैकी रॉबर्ट स्टीफन्सन हे त्यांचे धर्मपिता; त्यांचेच नाव बालकास ठेविले. वडील पाद्री असून ऑक्सफर्ड येथे भूमितीचे प्राध्यापक होते. रॉबर्ट तीन वर्षांचे असतानाच, १८६० साली, वडील वारले. मोठे घराणे, मोठ्या ओळखी, मुले पुष्कळ आणि पैसा बेताचा, अशी त्या घराची स्थिती होती. आई हेन्रिएटा मोठी करारी बाई. तिने मुलांस घरात कोंडून न ठेविता रानात, नदीवर व समुद्रावर मोकळे सोडले. थोरला मुलगा वॉरिंग्टन हा नौकानयनात तरबेज होता. त्याच्या हाताखाली सगळे भाऊ होड्या हाकीत. रॉबर्ट धाकट्यांपैकी, म्हणून भांडी घासणे, दोर गुंडाळणे असली कामे त्यांच्या वाट्यास येत. आपल्या किनाऱ्यावर होडीत नवा पोर घेतला म्हणजे त्याच्या वाट्यास जे येते, तेच तेथेही येत होते.

१८७० साली ते चार्टरहाउस ह्या नामांकित शाळेत दाखल झाले. ही शाळा प्रथम लंडनमध्ये होती. १८७२ साली ती गोडाल्मिंग ह्या गावी उघड्या माळावर नेण्यात आली. शाळेलगत एक राई होती व तीत जाण्यास विद्यार्थ्यांस मनाई होती. रॉबर्ट तेथे चोरून जात, सापळा लावून ससा धरीत, आणि धूर न करणाऱ्या बारीकशा विस्तवावर तो भाजीत. कारण धूर दिसला की मास्तर आलेच. (आमच्या विद्यार्थ्यांनी हा मजकूर अनुकरणासाठी वाचू नये.) पुढे त्यांनी जगास जे शिकविले त्याचा आरंभ ह्या राईत आहे, असे त्यांचे चरित्रकार मानितात. वर्गात त्यांची गणना हुशार विद्यार्थ्यांत नव्हती. चित्रे मात्र दोन्ही हातांनी काढीत व नकला उत्तम करीत.

ऑक्सफर्डला प्रवेश मिळाला नाही. तेव्हा ते सैन्याच्या परीक्षेस बसले व तीत इतके वर आले की लष्करी विद्यालयातील शिक्षणाची त्यांस माफी मिळून एकदम घोडदळात नेमणूक झाली. १८७६ सालच्या अखेरीस, एकोणीस वर्षांचे असता, ते मुंबई बंदरी उतरले व तेथून लखनौस आपल्या १३ व्या हुसार पलटणीत गेले. त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्याचे हिंदुस्थानातील जिणे काय वर्णावे! पंख्याची दोरी ओढावयास एक माणूस, घोड्यास दुसरा, स्वयंपाकास तिसरा, पाणी भरण्यास चौथा. अशा जिण्यात बहुतेक तरुण अधिकारी सुस्तावत व कर्जात बुडत. बेडन-पॉवेल ह्यांच्याजवळ घरचा पैसा नव्हता. ते काटकसरीने राहिले, वर्तमानपत्रांस लेख व चित्रे पाठवून चार पैसे मिळवीत, आणि सुटी मिळाली की रानात जात. मथुरेच्या मुक्कामी घोड्यावरून भाल्याने रानडुकराची शिकार करण्यात त्यांनी नाव मिळविले व १८८३ साली ह्या खेळातील कादिर चषक जिंकला. हा खेळ आज आपणांस क्रूर वाटतो व तो क्रूर होताच. परंतु पावलांचे ठसे वाचणे, वाऱ्याची दिशा ओळखणे, रानातील माणसापासून शिकणे, ह्या गोष्टी त्यांनी ह्याच वर्षांत हस्तगत केल्या.

आफ्रिकेतील मोहिमांचा वृत्तांत येथे विस्ताराने देण्याचे कारण नाही. १८९६ साली माटाबेले लोकांविरुद्धच्या लढाईत ते रात्रीच्या वेळी एकटे डोंगरांतून टेहळणी करीत. तेथे त्यांस फ्रेडरिक बर्नहॅम हा अमेरिकन टेहळ्या भेटला व त्याच्यापासून त्यांनी पुष्कळ वनविद्या घेतली. १८९९ साली सैनिकांसाठी टेहळणीवर त्यांनी एक लहान पुस्तक लिहिले. ते छापून निघाले त्याच वर्षी त्यांच्यावर मॅफेकिंगचा प्रसंग आला.

मॅफेकिंग हे दक्षिण आफ्रिकेतील एक लहानसे रेल्वेचे गाव. १३ ऑक्टोबर १८९९ पासून १७ मे १९०० पर्यंत, म्हणजे २१७ दिवस, बोअर सैन्याने त्यास वेढा घातला होता व बेडन-पॉवेल आत सेनापती होते. गावातील गोऱ्या मुलांचे एक पथक तेथे केले होते. ही मुले निरोप पोहोचवीत, प्रथम गाढवांवरून व पुढे सायकलींवरून. वेढ्यात छापलेल्या एका टपालतिकिटावर त्यांच्या नायकाचे सायकलवरील चित्र आहे. जबाबदारी टाकली तर पोर ती पेलते, हा धडा बेडन-पॉवेल ह्यांनी त्या मुलांपासून घेतला, आणि वेढा उठला तेव्हा ते इंग्लंडात घरोघरी पुजले जाऊ लागले.

पण ह्या कथेची दुसरी बाजू आमच्या लहानपणी शाळेत कोणी सांगितली नाही. ती आम्ही सांगणार. त्या गावात गोऱ्यांपेक्षा आफ्रिकी लोक कितीतरी अधिक होते. गावाच्या रक्षणात बारोलाँग जमातीच्या लोकांनी हत्यार धरिले. तरी अन्नाची वाटणी झाली ती रंग पाहून झाली. आफ्रिकी रहिवाशांस व विशेषतः बाहेरून आलेल्या निर्वासितांस फार थोडे मिळाले, घोड्याच्या मांसाची पेज विकत घ्यावी लागली, आणि त्यांतील पुष्कळ जण भुकेने मेले. ह्यात सेनापतीचा दोष किती, ह्याविषयी चरित्रकार अद्याप भांडतात. ते भांडण आम्हांस मिटविता येणार नाही. परंतु एकाच वेढ्यात दोन पंगती बसल्या होत्या, हे विसरून पुढचे चरित्र वाचू नये.

इंग्लंडात परतल्यावर त्यांस दिसले की, सैनिकांसाठी लिहिलेले आपले पुस्तक शाळांतील मुले वाचीत आहेत. १९०४ साली ग्लासगो येथे बॉइज ब्रिगेड ह्या ख्रिस्ती मुलांच्या संस्थेची मोठी कवाईत त्यांनी पाहिली. मुले हजारो होती, शिस्त उत्तम होती. ह्याच मुलांस रानात नेले तर काय होईल, हा विचार त्यांच्या मनात घोळू लागला, व त्याची परीक्षा पाहण्याचे त्यांनी ठरविले.

आता आम्ही आमच्या विषयाच्या गाभ्याशी आलो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पूल नावाचे बंदर आहे. त्या बंदरात ब्राउन्सी हे लहान बेट आहे. त्याच्या मालकाची परवानगी घेऊन १९०७ सालच्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तेथे सुमारे वीस मुलांचे शिबिर भरले. ही मुले कोणती? काही ईटन, हॅरो अशा शाळांतील, म्हणजे इंग्लंडातील धनाढ्यांची. बाकीची पूल व बोर्नमथ ह्या गावांतील बॉइज ब्रिगेडची, म्हणजे कष्टकऱ्यांची. शाळा सोडून लहान वयातच कामास लागणारी. त्या काळच्या इंग्लंडात ही दोन प्रकारची मुले एका बाकावर कधी बसत नसत. त्यांची बोलीसुद्धा वेगळी होती. बेडन-पॉवेल ह्यांनी त्यांचे चार संघ केले : लांडगा, बैल, डोमकावळा, आणि लांब वाकड्या चोचीचा कर्ल्यू पक्षी, जो हिवाळ्यात आपल्या खाडीकाठीही चिखल टोचताना दिसतो. प्रत्येक संघात धनिकाचे मूल व कामकऱ्याचे मूल मिसळून ठेविले, आणि संघास एक तंबू दिला.

शिबिराची फी त्यांनी कशी ठेविली, इकडे पालकांनी विशेष लक्ष द्यावे. श्रीमंत शाळांतील मुलांस एक पौंड, म्हणजे वीस शिलिंग. गावातील मुलांस साडेतीन शिलिंग. अंथरूण तेच, अन्न तेच, काम तेच. ज्याची जेवढी ऐपत तेवढे त्याने द्यावे, आणि तंबूत शिरल्यावर कोणी किती दिले हे कोणास दिसू नये.

दिवसाचा क्रमही ऐकण्यासारखा आहे. पहाटे बेडन-पॉवेल स्वतः शिंग फुंकीत. हे शिंग कुडू नावाच्या आफ्रिकी हरणाचे, पिळदार, माटाबेले लढाईतून आणिलेले. सहा वाजता उठणे, दूध-बिस्कीट, व्यायाम, निशाणास वंदन व प्रार्थना. मग न्याहारी. त्यानंतर गाठी मारणे, विस्तव पेटविणे, माग काढणे, प्राणी व झाडे ओळखणे, बुडणाऱ्यास वाचविणे असे त्या दिवसाचे शिक्षण. दुपारच्या जेवणानंतर सक्तीची विश्रांती. ही सक्तीची विश्रांती ज्यांनी वाचली नाही, ते बेडन-पॉवेल म्हणजे मुलांस राबवून घेणारा लष्करी गृहस्थ असे समजतात. तसे नव्हते. संध्याकाळी मोठी शेकोटी पेटे, ते आपल्या मोहिमांच्या गोष्टी सांगत, पुन्हा प्रार्थना होई व साडेनऊला दिवे मालवीत.

ह्या क्रमात एक खुबी होती. रोज रात्री पाळीपाळीने एक संघ तंबू सोडून बेटाच्या दुसऱ्या भागात पहाऱ्यास जाई. त्या संघास पीठ, मांस, बटाटे, चहा असा कोरडा शिधा मोजून देत. प्रत्येकाजवळ घोंगडी, शिजविण्याचे भांडे व आगपेटी. तेथे जाऊन त्यांनी आपले शिजवावे, निजावे, पहारा ठेवावा. म्हणजे एकाच शिबिरात दोन प्रकारचे जिणे होते. तंबूतले बरेचसे सोयीचे, आणि एका रात्रीपुरते उघड्या आभाळाखालचे. ज्याने काल उघड्यावर रात्र काढिली त्यास आज तंबू राजवाड्यासारखा वाटे, आणि ज्याने आज तंबूत झोप घेतली तो उद्याच्या रात्रीची वाट पाही. कोणत्याही मुलास केवळ एकाचीच चव मिळाली नाही. आमच्या दोन शिबिरांत आम्ही नेमकी हीच चूक केली. एक वर्ष सगळे वाळूवर, दुसरे वर्ष सगळे खाटेवर!

शिबिरातील अनुभवावरून त्यांनी बालवीरांसाठी ग्रंथ लिहिला. १९०८ च्या जानेवारीपासून तो पंधरा-पंधरा दिवसांनी सहा भागांत निघाला, आणि मुलांनी कोणाची वाट न पाहता आपापली पथके उभारली. ह्या ग्रंथात तंबूतील संसाराविषयी जे शिकविले आहे, ते वाचून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. हाल सोसण्याची त्यांनी स्तुती केलेली नाही. भिजत, कुडकुडत, उपाशीपोटी रात्र काढणे हे त्यांच्या मते नवशिक्याचे लक्षण. मुरलेला बालवीर रानातही स्वतःस व सोबत्यास सुखी करून घेतो. म्हणून ते बारीकसारीक गोष्टी शिकवितात. जमिनीवर निजताना कमरेच्या हाडाखाली लहानसा खळगा खणावा, म्हणजे अंग दुखत नाही. खुंट्या व सुतळी ह्यांचा माग करून गवताची गादी विणावी. तंबूभोवती पाऊस येण्याआधी चर खणावा, आल्यानंतर नव्हे. काठी चिरून तीत मेणबत्ती धरावी. पाहुण्याने हसावे इतक्या ह्या गोष्टी क्षुल्लक आहेत, परंतु पावसाच्या रात्री त्यांच्यावाचून दुसरे काही कामास येत नाही.

तारकर्लीस आम्ही चर खणला नव्हता. वाळूत पाणी मुरेल असे आम्ही धरून चाललो, आणि झापांचे छप्पर शाकारताना एकावर एक झाप किती चढवावे हे आमच्यापैकी एकाही मास्तरास ठाऊक नव्हते. ते ठाऊक होते त्या चार ओळी लिहिणाऱ्या मुलास. पण त्यास कोणी विचारिले नाही, व त्याने आपण होऊन सांगितले नाही. मास्तरांस कसे सांगावे, असे त्यास वाटले असावे. ज्यास आम्ही खडतर जिण्याचा धडा देऊ म्हणून वाळूवर नेले, तो त्या विद्येत आमचा गुरू होता. आणि ज्या सुखाचा त्यास अनुभव नव्हता, त्याची त्यास गोडी वाटली ह्यात कमीपणा कसला? ब्राउन्सी बेटावर श्रीमंतांच्या मुलांनी कामकऱ्यांच्या मुलांपासून काय घेतले व कामकऱ्यांच्या मुलांनी त्यांच्यापासून काय घेतले, ह्याची यादी कोठे नाही. पण घेवाण-देवाण व्हावी म्हणून तर एक तंबू होता.

ह्यानंतर चळवळ वेगाने वाढली. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे हजारो बालवीर जमले, त्यांत काही मुली न बोलाविता आल्या. त्यांच्यासाठी १९१० साली बेडन-पॉवेल ह्यांची बहीण ॲग्नेस हिच्या पुढाकाराने वेगळी संस्था निघाली. त्याच वर्षी ते सैन्यातून निवृत्त झाले. १९१२ साली ओलाव्ह सोम्स ह्या त्यांच्याहून बत्तीस वर्षांनी लहान बाईंशी त्यांचा विवाह झाला, व त्या बाईंनी मुलींच्या चळवळीची धुरा पुढे वाहिली.

हिंदुस्थानात पहिले पथक १९०९ साली बंगळूर येथे कॅप्टन बेकर ह्यांनी काढले. परंतु ते युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांसाठी होते. बालवीर हा प्रत्येक बालवीराचा भाऊ आहे, मग तो कोणत्याही दर्जाचा असो, असा नियम ज्या ग्रंथात होता, त्याच ग्रंथावर चालणाऱ्या पथकात देशी मुलास जागा नव्हती. माग काढणे व निरोप पोहोचविणे शिकलेली हिंदी मुले उद्या काय करतील, ह्याची सरकारास धास्ती वाटे. तेव्हा आपल्या लोकांनी आपली पथके काढिली. १९१६ साली मद्रासेत ॲनी बेझंट बाईंनी, आणि १९१८ साली प्रयागास पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी ह्यांनी सेवा समितीच्या वतीने. १९२१ च्या आरंभी बेडन-पॉवेल पतिपत्नी हिंदुस्थानात आली. मद्रासेस बेझंट बाईंची संस्था मूळ संस्थेत मिळाली व दार उघडले. सेवा समिती मात्र स्वतंत्रच राहिली. १९३७ साली, ऐंशीच्या उंबरठ्यावर असता, ते दिल्लीच्या अखिल भारतीय मेळाव्यास पुन्हा आले. दुःखाची गोष्ट ही की त्यानंतर हिंदी लोकांच्या शीलाविषयी त्यांनी काढलेले उद्गार येथील लोकांच्या जिव्हारी लागले, आणि १९३८ साली हिंदुस्थान स्काऊट ह्या वेगळ्या संस्थेचा जन्म झाला. ज्या माणसाने ईटनच्या मुलास व कामकऱ्याच्या मुलास एका तंबूत निजविले, त्यास लखनौ-मथुरेच्या छावणीतील आठ वर्षांचा जुना चष्मा उतरविता आला नाही. ७ नोव्हेंबर १९५० रोजी ह्या निरनिराळ्या संस्था भारत स्काऊट्स आणि गाइड्स ह्या एका नावाखाली आल्या; आमचे पथक तिच्याच छत्राखाली चालते.

सुखसोयीचे शिबिर व खडतर शिबिर ह्यांची गंमत जगाच्या मेळाव्यांतही दिसून आली. पहिला जागतिक मेळावा १९२० साली लंडनच्या ऑलिंपिया ह्या काचेच्या छपराच्या प्रचंड इमारतीत भरला. आतल्या जमिनीवर माती पसरून हिरवळ अंथरली होती, म्हणजे घरात रान आणले होते! सुमारे आठ हजार बालवीर आले. बेडन-पॉवेल ह्यांस तेथे जगाचे मुख्य बालवीर म्हणून जयघोषाने निवडले. छपरामुळे पावसाचे भय नाही, असे वाटले असेल; पण हजारो मुलांचा मुक्काम रिचमंड येथील मैदानात तंबूंत होता, आणि एका रात्री थेम्स नदीचे पाणी त्या तंबूंत शिरून मुलांस हलवावे लागले. नऊ वर्षांनी, १९२९ साली, बर्कनहेडजवळ ॲरो पार्क येथे सुमारे पन्नास हजार मुलांचा मेळावा भरला तो उघड्यावर, आणि पाऊस असा लागला की सगळे मैदान चिखलाने भरून गेले. पालकहो, आमच्या तारकर्लीच्या रात्रीस इतकी थोर सोबत आहे, हे जाता जाता नमूद करून ठेवितो.

ह्याच चिखलात एक मौजेची गोष्ट घडली. चळवळीस एकवीस वर्षे झाली म्हणून जगातील बालवीरांनी एकेक पेनी जमवून आपल्या नायकास भेट देण्याचे ठरविले. काय हवे, अशी विचारणा झाली. तेव्हा, पाटलोणीस लावावयाच्या पट्ट्यांची एक जोडी तेवढी आपणांस हवी आहे, असे ते म्हणाले. मुलांनी पट्टे दिलेच, पण त्यांबरोबर एक रोल्स-रॉइस मोटार व तिच्यामागे जोडावयाचे एक फिरते घरही दिले. बहात्तर वर्षांच्या त्या गृहस्थांनी ते आनंदाने घेतले, त्यांतून प्रवास केला, आणि उघड्यावर निजणाऱ्या माणसास हे शोभत नाही असा आव आणिला नाही. त्याच मेळाव्याच्या वेळी राजाने त्यांस लॉर्ड ही पदवी दिली.

घरी मात्र त्यांचा एक नेम होता. हॅम्पशर परगण्यात पॅक्स हिल नावाचे त्यांचे मोठे घर होते. तीत खोल्या पुष्कळ, गाद्या मऊ. पण ते रात्री बाहेरच्या सज्जावर, उघड्या हवेत निजत. इंग्लंडची थंडी काय असते हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ह्याची किंमत कळेल. दार उघडले की ऊब होती, हेही खरे. रापणकराच्या मुलाचे वाळूवर निजणे व लॉर्डसाहेबांचे सज्जावर निजणे ह्यांत अंतर आहे ते एवढेच, की एकास आत जाता येते.

त्या चार ओळींस आम्ही आठ गुण दिले. येत्या नोव्हेंबरात शिबिर पुन्हा देवबागच्या वाटेवर भरेल. छप्पर शाकारणे व चर खणणे हे पहिल्याच दिवशी, ज्यांस ते येते त्या मुलांकडून सर्वांस शिकविले जाईल, मास्तरांसही. शेजारच्या पक्क्या घरातील दोन खोल्या भाड्याने घेत आहो. तेथे खाटा असतील, व प्रत्येक संघ पाळीने एक रात्र तेथे निजेल. फी ब्राउन्सीप्रमाणे दोन प्रकारची राहील, आणि ती पालकांनी बंद पाकिटात द्यावी.

१९३८ साली प्रकृती थकल्यामुळे बेडन-पॉवेल केनियात न्येरी ह्या गावी जाऊन राहिले. तेथील लहानशा बंगल्यास त्यांनी पॅक्सटू असे नाव दिले. समोर केनियाचा बर्फाच्छादित पर्वत दिसे. (त्याच बंगल्यात पुढे, कुमाऊंच्या नरभक्षक वाघांमुळे आपणां सर्वांस ठाऊक असलेले जिम कॉर्बेट येऊन राहिले.) शेवटपर्यंत ते पशुपक्ष्यांची चित्रे काढीत होते. ८ जानेवारी १९४१ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, झोपेत असता ते वारले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर मठात त्यांच्या स्मरणार्थ शिळा बसविली आहे, परंतु देह न्येरीच्या मातीतच आहे. १९७७ साली ओलाव्ह बाई निवर्तल्यावर त्यांची रक्षाही तेथेच आणिली. थडग्याच्या दगडावर एक वर्तुळ व त्याच्या मधोमध एक टिंब कोरलेले आहे. माग काढण्याच्या खुणांत ह्या खुणेचा अर्थ, मी घरी गेलो, असा होतो. तारकर्लीच्या शिबिराच्या शेवटच्या सकाळी, ओली घोंगडी खांद्यावर टाकून निघताना, आमच्या मुलांनी तीच खूण शिंपल्यांनी वाळूवर काढून ठेविली होती.